अंजनाच्या गाण्यांचा पेनड्राइव्ह

हेंद्रेपाड्यातल्या बबनरावांसमोर पेनड्राइव्ह तसाच उपटायची कुणाची टाप नव्हती. "आधी सेफली काढ!" असे ते नातवंडांवर खेकसायचे. अंबरनाथच्या कारखान्यात मशीन पूर्ण थांबल्याशिवाय त्यांनी कधी आत हात घातला नव्हता. घरीही तोच खाक्या.

त्यांची बायको अंजना स्वतः रचलेली गाणी विहारात म्हणायची. तिला लिहिता येत नव्हतं. ती अंथरुणाला खिळल्यावर रोज दुपारी ती गायची आणि बबनराव एका बोटाने कॉम्प्युटरवर टाइप करायचे. मग स्क्रीनवरचं फाइलचं चित्र पेनड्राइव्हमध्ये टाकायचे, तिथून उघडून बघायचे. गाणी दिसली की पेनड्राइव्ह सेफली काढून डबीत ठेवायचे.

अंजना गेली. कॉम्प्युटरही कुरकुरायला लागला, तो उल्हासनगरच्या भंगारवाल्याने नेला. तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला पुस्तिका काढायची म्हणून बबनराव कुळगावात माधवीच्या टायपिंगच्या दुकानात गेले.

माधवीने पेनड्राइव्ह लावून दोनदा बघितलं. "काका, ह्यात फाइल नाहीये. नुसता शॉर्टकट आहे. तो घरच्या कॉम्प्युटरमधलीच फाइल उघडून दाखवत होता."

"अगं, पण मी दर वेळी सेफली काढलाय!" बबनराव तिच्यावरच ओरडले.

"काढला असेल काका. पण आत काही नव्हतंच."

घरी येताना त्यांनी अंजनाचं एक गाणं आठवून पाहिलं. पहिली ओळ आली, पुढची काही केल्या येईना. ती शेजारी पडून गात होती तेव्हा ते कीबोर्डवर 'ळ' शोधत होते.