उणे आकड्यातलं देऊळ

आमच्या भागात उन्हाळाभर लोक एकमेकांना उजनी धरणाचा आकडा विचारतात. "आज किती?" एवढंच. कशाचा किती, हे विचारावं लागत नाही. कालव्याला सोडता येण्याजोगं पाणी संपलं आणि तळाच्या साठ्याला हात लागला, की टक्केवारी शून्याखाली मोजायला लागतात. मग 'धरण मायनसमध्ये गेलं' असं म्हणतात आणि म्हणणाऱ्याचा चेहरा पडतो.

आमच्या घरात मात्र हा आकडा खाली जावा असं एका माणसाला वाटत असे. ती माझी आई.

आईचं माहेर जुनं पळसदेव. ती लग्न होऊन बारामतीला आली आणि त्यानंतर काही वर्षांनी गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. माणसं वर नव्या गावठाणात गेली. देवही वर नेला. जुनं दगडी देऊळ तेवढं खाली राहिलं. धरण मायनसमध्ये गेलं की आधी त्याचं शिखर दिसतं, मग हळूहळू बाकीचं. लहानपणी रोज सकाळी देवाला तांब्याभर पाणी घालायचं काम आईकडे होतं. एकदा तिथे जाऊन उंबऱ्यावर पाणी घालायचं, एवढंच तिचं म्हणणं.

"एवढी वर्षं पाण्यातच बसलंय ते देऊळ. त्याला आणखी पाणी कशाला, आत्या?" बायको तिला चिडवायची. आई माझ्या सासऱ्यांची नात्यातली बहीण, म्हणून सासू असूनही आत्याच.

"ते धरणाचं. माझं न्हाय."

मी हे पाच-सहा उन्हाळे पुढे ढकललं. यंदा ढकलता येत नव्हतं. आईला काचबिंदू आहे. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तक्त्यावरच्या ती गेल्या वर्षी पाच ओळी वाचत होती, यंदा तीन. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात किती ओळी उरतील, ते त्यांनी सांगितलं नाही.

मला आकडे लिहून ठेवायची सवय आहे. मार्चपासून मी वहीत रोजची टक्केवारी लिहीत होतो. आई न बसता किती चालते तेही मोजलं होतं. एकशे चाळीस पावलं. बॅकवॉटरच्या काठावर पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी सोयी केलेली एक जागा आहे, तिथून देवळापर्यंत होडी नेणाऱ्या एकाशी मी फोनवर बोलून ठेवलं होतं. मेच्या सुरुवातीला त्याचाच फोन आला.

"दादा, आता या. पाणी जोत्याला लागलंय. नाव थेट पायरीला लावतो."

मी वही बघितली. हलत्या होडीतून ओल्या पायरीवर आईला उतरवायचं, हे मला पटेना. आणखी थोडं पाणी उतरलं की पायऱ्या कोरड्या होतील, असा मी अंदाज केला. उणे वीसचा आकडा ठरवला आणि त्याला अकरा दिवसांनी येतो म्हणून कळवलं. तो जरा थांबून "बघा तुमी" म्हणाला. त्या थांबण्याचा अर्थ मी विचारायला हवा होता.

ठरल्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो. आई मागच्या सीटवर, शेजारी बायको. आईच्या मांडीवर घरच्या पाण्याने भरलेला तांब्या, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. वाटेत एकोणीस गतिरोधक लागले. प्रत्येकाआधी मी गाडी जवळजवळ थांबवली. पाणी सांडलं नाही.

जागा खरोखर चांगली केलेली होती. रंगवलेलं रेलिंग, सिमेंटची सहा बाकं, खुंट्यांना टांगलेली चौदा लाइफ जॅकेट, फोटो काढायला लोखंडी रोहित पक्षी. पाण्यात उतरायला बावीस पायऱ्यांचा धक्का. पण धक्का भरलेल्या धरणाच्या मापाने बांधलेला. शेवटच्या पायरीपुढे गाळ, गाळापुढे आणखी गाळ, आणि त्याच्या पलीकडे पाण्याची पट्टी. देऊळ उजव्या हाताला, पाऊण किलोमीटरवर, पूर्ण उघडं. त्याच्याभोवती पाण्याचा थेंब नव्हता.

होडीवाला पायऱ्यांवर बसून जाळं नीट करत होता. "दादा, नाव आता तितं जात न्हाय. चालत जायचं म्हटलं तर मांडीएवढा गाळ हाय. पंधरा दिवसांनी वाळला की जीप जाती."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. आता या म्हणलो. तुमी उणे वीस म्हणला." तो आईकडे वळला. ती गावची लेक आहे हे त्याला आधीच सांगितलेलं होतं. "आत्या, आमी पायरी बघून चालतो. तुमचं लेकरू टक्केवारीवर चालतंय."

"शाळेत असल्यापास्नं तसंच हाय ते," आई म्हणाली. हसलीसुद्धा.

रक्तदाबाची सकाळची गोळी घेतली की तासा-दीड तासात आईला जावं लागतं. हेही मी धरलं होतं. तिथल्या फलकावर स्वच्छतागृह लिहिलेलं होतं, भिंतीवर पक्षी रंगवलेली इमारतही होती. तिला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे तो इंदापूरला गेला होता. होडीवाल्याने फोन लावला. "निघालोय, आलोच," असं उत्तर आलं. चाळीस मिनिटं गेली. आसपास आडोसा म्हणावा असं झुडूपही नव्हतं, आणि आई उघड्यावर बसायला तयार नव्हती.

किल्ली आली तेव्हा उशीर झाला होता. याहून जास्त लिहीत नाही. नळ उघडला तर नुसती हवा आली. गाडीतल्या दोन्ही बाटल्या बायकोने आत नेल्या, त्या पुरल्या नाहीत. होडीवाला बादली घेऊन गाळातून पाण्याकडे निघाला. त्याला जाऊन यायला वीस मिनिटं लागणार होती. मी दाराबाहेर उभा होतो. समोर नजर पोचेल तिथपर्यंत धरण होतं.

आतून आईचा आवाज आला. "त्यो तांब्या दे."

बायको बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही. बाकावरचा तांब्या उचलला, फडकं सोडलं आणि आत गेली.

नंतर आई बाकावर बसली, रिकामा तांब्या मांडीवर. होडीवाला मांडीपर्यंत चिखल घेऊन भरलेली बादली आणून उभा राहिला. आईने त्याला बस म्हटलं, त्याचा आजा कोण ते विचारलं. मग मला म्हणाली, "देऊळ कुठल्या अंगाला हाय?"

मी तिच्या खांद्याला धरून तोंड उजवीकडे वळवलं. ती बराच वेळ बघत राहिली. "शिखरावर काय हाय?"

"पक्षी. सात."

"आणि चौकट?"

"इथून दिसत नाही."

"बरं," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी परत यायचं ठरवून आम्ही निघालो. मी वहीत तारखेवर खूण केली. दहाव्या दिवशी वरच्या बाजूला वळवाचे पाऊस झाले आणि आकडा चढायला लागला. रोज दोन, कधी तीन. मी रोज लिहीत होतो. लिहिण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं. धरण शून्याच्या वर आलं त्या सकाळी शेजारच्या तात्यांनी पेढे आणून दिले. त्यांची पाहुणेमंडळी इंदापूरकडे ऊसवाली.

"आज किती?" आईने विचारलं.

मी आकडा सांगितला.

"झालं मग लोकांना पाणी," ती म्हणाली. पेढा अर्धा मोडून मला दिला. त्या आठवड्यात तिला तपासायला नेलं. तिने दोन ओळी वाचल्या.