कुंडमच्या टाक्यातलं पाणी

माझी बायको जाऊन वर्ष होत आलं. लोक तिच्या हुशारीबद्दल बोलतात, तेव्हा मला कुंडमच्या जंगलातली एक दुपार आठवते.

प्राण्यांसाठी बांधलेल्या टाक्यात नेमकं किती पाणी मावतं, हे तिला वनखात्यासाठी लेझर स्कॅनरने मोजायचं होतं. त्यावरून टँकर किती दिवसांनी पाठवायचा ते ठरणार होतं. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मीही सोबत गेलो. टाकं रिकामं ठेवा आणि मोजून झालं की भरायला टँकर मागवा, असं तिने कळवलं होतं, पण निरोप पोचलाच नव्हता. टाकं अर्धं भरलेलं होतं, आणि गढूळ पाण्याखालचं लेझरला दिसत नाही.

वनरक्षक पंप आणायला निघाला. तिने त्याला थांबवलं. “भैया, पानी निकाल दिया तो शाम को चीतल क्या पिएंगे?”

पाण्यावरच्या भिंती तिने स्कॅनरने मोजल्या. मग सलवार दुमडून ती स्वतः पाण्यात उतरली आणि दर हातभर अंतरावर बांबू टेकवत खोली मोजू लागली.

“दीदी, फिर इत्ती बड़ी मशीन काय को लाईं?” वनरक्षक हसला.

“आधा उसने नापा, आधा मैं नाप रही हूं,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, “तू काहून हसून राहिला? आकडे लिही.”

तळाशी इतका गाळ होता की टाक्यात नोंदीपेक्षा बरंच कमी पाणी मावत होतं. टँकर दोन दिवस आधी यायला हवा, असं तिने लिहून दिलं. त्या उन्हाळ्यात टाकं एकदाही कोरडं पडलं नाही. वनरक्षकाने तसा फोन केला, तेव्हा जेवताना तिने मला ते दोनदा सांगितलं.