जरा पट्टी काढ

माझी पोरगी एक डोळा मिटून एका झटक्यात सुईत दोरा ओवायची. मी कौतुकानं शेजारणींना दाखवायचे. डोळा का मिटते, हे विचारायची अक्कल मला नव्हती. मी घरी शाळेचे गणवेश शिवते. मला चाळिशी लागलेली, चष्मा करायला सवड नाही, म्हणून दोरा ओवायचं काम तिचं.

शाळेत डोळे तपासायला आले तेव्हा उजवा डोळा झाकल्यावर तिला भिंतीवरचं मोठं अक्षरही दिसेना. घरी मी तसंच करून बघितलं. हातभर अंतरावरची बोटं तिला मोजता येईनात. सोंग करते असं वाटून मी एक थोबाडीत दिली. त्याची लाज अजून वाटते.

डॉक्टर म्हणाले, "डावा डोळा आळशी झालाय. त्याला कामाला लावायचं. चष्मा लावून उजव्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी. सात वर्षांची आहे, वय वाढलं की डोळा दाद देत नाही."

पट्टी सुरू झाली आणि गणवेशांचा हंगामही. मशीनचा दोरा तुटायचा. पट्टी असली की तो तिलाही दिसेना आणि मलाही. मी म्हणायचे, "जरा पट्टी काढ गं, एवढा दोरा ओव." ते 'जरा' दुपारभर चालायचं. पोरीला तर बरंच, पट्टीखाली खाजायचं. कळत होतं मला. तरी जून तोंडावर आलाय, गठ्ठे संपले की लावू नीट, असं स्वतःला सांगत राहिले.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. काडीचा फरक नव्हता.

"पट्टी रोज लावता ना?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "व्हय, रोज लावते की. आई काढूच देत न्हाय."

डॉक्टरांनी मान हलवली. "इतकं करून फरक नाही, म्हणजे आता पट्टी चालू ठेवण्यात फारसा अर्थ नाही." आणि ते लिहायला लागले.

"थांबा," मी ओरडलेच. "खोटं बोलतीय ती. पट्टी मीच काढायला लावत होते."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पुन्हा सुरू करू. पण हे तीन महिने महत्त्वाचे होते."

मी पोरीकडं वळले. मला वाचवायला ती खोटं बोलली होती. आता मार बसणार म्हणून ती खुर्चीत मागं सरकली.