होय महाराजा म्हणेपर्यंतचा श्वास

गाऱ्हाण्यात 'होय महाराजा' कधी म्हणायचं हे आमच्या वाडीत चार वर्षांच्या पोरालाही कळतं. मला कळत नसे. शिमग्यात देवाची पालखी घरोघरी फिरते, अंगणात टेकते, आणि वाडीचे गावकर, म्हणजे देवापुढे बोलण्याचा मान असलेले म्हातारबाबा, त्या घराच्या वतीने एकेक मागणं देवापुढे मांडतात; हेच गाऱ्हाणं. मागणं पुरं झालं की जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात होकार भरायचा. मी नेहमी आधीच ओरडायचे. आपण मागे राहू, आपलं चुकेल, या धास्तीनेच हमखास चुकायचे. अख्खं अंगण हसायचं. आठवीनंतर मी पालखी आली की सरळ आतल्या खोलीत जाऊन बसायला लागले.

बारावीला या धास्तीने माझं नरडंच धरलं. रत्नागिरीच्या केंद्रावर केमिस्ट्रीच्या पेपरला बसले, नंबर लिहिला, आणि छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, संपलं, आता आपण मरतो. बोटं बधिर झाली, श्वास अर्ध्यावरच अडकायला लागला. तासाभराने जवळजवळ कोरा पेपर देऊन बाहेर पडले. भाट्याच्या पुलावरून येताना मी एसटीत हमसाहमशी रडत होते आणि आमच्याच वाडीतला कंडक्टर तिकिटाचे पैसे न मागता पुढे गेला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं, पॅनिक अटॅक. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला येऊन बोलत जा म्हणाल्या. आईने वाडीत सांगितलं, शुगर उतरली होती. मलाही बजावलं, "खंय बोलू नको हां. नसतं नाव पडेल." केमिस्ट्री जुलैत पुन्हा देता आली असती. पण चारच दिवसांवर बायॉलॉजी होती, आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की जायचं नाही. आईला ते न सांगता कळलं होतं.

पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पालखी आमच्या अंगणात टेकली. मी दाराआड उभी. ओटी भरून झाल्यावर आई गावकरांच्या कानाशी लागली. पास होऊ दे म्हणून सांगत असेल, असं मला वाटलं. ढोल थांबला. गावकरांनी हात जोडले.

"बा देवा महाराजा! ह्या घरची लेक परीक्षेला बसते, नि तिच्या छातीत भीती शिरते. श्वास कोंडतो, हात चालत नाय..."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आईचा तर असा संताप आला! शुगरची थाप हिनेच मारली, आणि हिनेच ती सगळ्या वाडीसमोर मोडली. आता हसतील, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"...ती जी काय भीती असेल, ती हिच्या वाटेतून बाजूला कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

पन्नास तरी माणसं असतील. त्यात दुकानवाले काका होते, तो कंडक्टर होता, माझ्या वर्गातली दोन टवाळ पोरं होती. कोणीही हसलं नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. जी गोष्ट मी उशीखाली लपवून झोपत होते, ती या माणसांनी पालखीला खांदा द्यावा तशी सहज उचलली होती. इतकं मोठं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि तेही आमच्याच शेणाने सारवलेल्या अंगणात.

नंतर गावकर ओसरीवर टेकले. मी त्यांना कोकमाचं सरबत नेऊन दिलं. त्यांच्या हातातला पेला थरथरत होता, दोन थेंब धोतरावर सांडले. माझी नजर गेलेली त्यांना दिसली.

"म्हातारपन नाय हां ते," ते हसून म्हणाले. "पयल्यापासून हाय. देवापुढं उभा रायलो की काळीज असं उडतं, वाटतं आता सगळं इसरनार."

"मग बोलता कसे?"

"मी कुठं सगळं बोलतो? एक मागनं बोलतो. मग तुमी होय महाराजा म्हनता. तेवढ्यात मी श्वास घेतो नि म्होरलं आठवतो. तुमी नसाल तर दुसरं मागनं माझ्या तोंडातनं निघायचं नाय."

इतकी वर्षं मला वाटत होतं की तो होकार फक्त देवासाठी आहे.

दुसऱ्या दिवशी मी पेपरला गेले. पंधराव्या मिनिटाला छाती धडधडायला लागलीच. देवाने काही भीती बाजूला केली नव्हती. मी एक वाक्य लिहिलं, थांबले, ओठातल्या ओठात 'होय महाराजा' म्हटलं आणि श्वास घेतला. मग दुसरं वाक्य. पर्यवेक्षक बाई दोनदा वाकून बघून गेल्या. तीन प्रश्न राहिले, पण घंटा होईपर्यंत मी जागेवरून उठले नाही. केमिस्ट्री जुलैत सुटली. गोळ्या आणि डॉक्टरीणबाई पुढे बरेच दिवस चालू राहिल्या.

पुढच्या शिमग्याला मी दाराआड नव्हते, अंगणात बायकांमध्ये उभी होते. गावकर वर्षभरात खूप थकले होते. त्यांनी हात जोडले, "ह्या घरची जी काय..." म्हणाले आणि अडकले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. सगळे गप्प, कारण मागणं पुरं झालं नव्हतं, आणि पुरं व्हायच्या आधी बोललं की काय होतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं!

"होय महाराजा!" मी एकटीच ओरडले.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग अख्खं अंगण बोललं, "होय महाराजा!"

गावकरांनी श्वास घेतला आणि अडलेलं मागणं पुढे सुरू केलं.