वेणू कोणाकडे बघून हसते

२०१४ साली काशिराम कोळी उरणजवळच्या करंजाहून विचुंब्याला लेकीकडे राहायला आला, तो नात सांभाळायला. खरं तर बोलावणं त्याच्या बायकोला होतं. पण कृष्णाबाईने बाजारातली मासळीची जागा सोडायला साफ नकार दिला. "तू रिटायर हायस ना? मंग तूच जा," म्हणाली आणि त्याची पिशवी भरून दारात ठेवली.

काशिरामचं अर्धं आयुष्य बोटीवर गेलं, उरलेलं बंदरात जहाजांवरचे कंटेनर साखळ्यांनी बांधण्यात. वादळात दोन दिवस समुद्रात अडकला होता, तेव्हाही डगमगला नव्हता. मूल मात्र त्याने कधी सांभाळलं नव्हतं. स्वतःची लेक किशोरी तान्ही असताना रडायला लागली, की हा जाळं बघून येतो म्हणून किनाऱ्यावर सटकायचा.

आता तीच किशोरी बेलापूरच्या एका कंपनीत वेबसाइट बनवायची. जावई भावेशही दिवसभर बाहेर. सकाळी नऊला दार लागलं की घरात फक्त काशिराम आणि अकरा महिन्यांची वेणू.

वेणू रडत नसे. रडली असती तर त्याला निदान कळलं असतं. ती झोपेतून आवाज न करता उठायची, कठडा धरून उभी राहायची आणि काशिरामच्या खांद्यावरून मागच्या कोपऱ्याकडे टक लावून खुदकन हसायची. तो वळून बघे. नुसती भिंत. एकदा ती दिसेनाशी झाली. घरभर शोधलं तर पडद्याखालून दोन पावलं दिसत होती, हालचाल शून्य. एकदा कपाटातलं सेलवर चालणारं खेळण्यातलं बदक आपलं आपणच इंग्रजीत गाऊ लागलं. आणि एका दुपारी त्याचा जरा डोळा लागला, तर जाग आली तेव्हा तिचा चेहरा वीतभर अंतरावर होता आणि ती बोटाने त्याची पापणी उघडून आत बघत होती.

जेवणाच्या सुट्टीत किशोरीचा फोन आला की तो सगळं सांगायचा.

"पोर माझ्या मागं कोनालातरी बघून हसतंय."

"कोण आहे मागे?"

"कोनच नाय. तेच तर सांगतोय तुला."

ऑफिसात किशोरीला हसू आवरायचं नाही. स्वतःचा एखादा गेम बनवावा असं तिच्या मनात कधीचं होतं. दोन-तीन रविवार बसून तिने तो बनवला. ब्राऊझरमध्येच उघडायचा, पाच मिनिटांत संपायचा. बनियन-लुंगीतला एक म्हातारा आणि एक बाळ. बाळ कधी कपाटावर बसलेलं, कधी फ्रिजमध्ये. बाळाने हात लावायच्या आत म्हाताऱ्याने दाराबाहेर पळायचं. नाहीतर सगळा अंधार आणि वेणूचं खरंखुरं, रेकॉर्ड केलेलं हसू. गेम तिने इंटरनेटवर टाकला. बाबांना सांगितलं नाही.

सांगितलं ते वरच्या मजल्यावरच्या हुदाने. तिचा नवरा कुवेतला असायचा. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "चाचा, गेममधला म्हातारा तुम्हीच ना? आम्ही हसून हसून बेजार झालो."

संध्याकाळी किशोरी घरात शिरली तसा काशिराम म्हणाला, "तो गेम दाव."

तिने ओशाळून लॅपटॉप उघडला. फ्रिजमधलं बाळ बघून तो पोट धरून हसला. तिचा जीव भांड्यात पडला. मग बाळ रांगत जवळ यायला लागलं आणि काशिरामने कीबोर्डवरून हात काढून घेतले. बाळाने हात लावला. अंधार.

"बाबा, बाण दाबायचा. पळायचं."

त्याने पुन्हा सुरू केलं. पुन्हा हात काढले. तिसऱ्यांदाही तसंच.

"यो म्हातारा पळतो कशाला?" तो म्हणाला. "मी नाय पळालो. एक दिवस नाय."

"माझ्या वेळी पळायचास," किशोरीच्या तोंडून निघून गेलं.

"तवा पळायचो," तो म्हणाला. "तू रडलीस की हातपाय गळायचे माझे. माझ्या हातनं काय झालं तर, असं वाटायचं. कोनाला सांगितलं नाय."

इतकी वर्षं किशोरी समजत होती, बापाला तिच्या रडण्याचा कंटाळा येतो. तिने लॅपटॉप जवळ ओढला. "मग म्हाताऱ्याने काय करायचं, सांग."

"पळायचं नाय, तिच्या बाजूला बसायचं. ती बघते तिकडं आपनपन बघायचं, तिच्यासंगं हसायचं. मंग ती झोपते."

पुढच्या रविवारी गेमचा शेवट बदलला. आता बाळ जवळ आलं की वीस सेकंद काहीच दाबायचं नव्हतं. बहुतेकांना ते जमेना. ज्यांना जमलं त्यांना दिसायचं, दोघं शेजारी बसून रिकाम्या कोपऱ्याकडे बघत हसतायत आणि बाळाचे डोळे मिटतायत. गेमच्या पानावर खाली लोक काही ना काही लिहायचे. एका नव्या बापाने लिहिलं, उद्या पहिल्यांदा तो मुलाबरोबर एकटा असणार आहे आणि त्याला भीती वाटते. किशोरीने वाचून दाखवलं.

"त्याला लिव," काशिराम म्हणाला, "पोराच्या मानेखाली हात धर म्हनावं. बाकीचं जमतं हलूहलू."

आठवड्याभराने हुदा दारात उभी. पनवेलला तिने शिवणाचा क्लास लावला होता, पण आठ महिन्यांच्या मुलाला, नोमानला, ठेवायचं कुठे हा प्रश्न होता. "चाचा, दोन तास बघाल का?"

"दे इकडं," काशिराम म्हणाला.

हुदा जिना उतरली आणि नोमानने जे भोकाड पसरलं, ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. काशिरामने त्याला खांद्यावर टाकलं आणि गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागला. वेणू त्याच्या मागे मागे रांगत होती. पाऊण तासाने नोमान हुंदके देत गप्प झाला, तरी काशिराम चालतच होता.