ताईने निवडलेली खोली

माझी थोरली बहीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला काचा बदलून बदलून अक्षरं वाचायला लावायची आणि मधल्या वेळात काउंटरखालची कादंबरी काढायची. वाचन कसलं, भांडणच ते. "कशाला मारलंस रे तिला?" असं ती लेखकाला मोठ्याने विचारायची आणि दारातलं गिऱ्हाईक दचकायचं. घरी जेवतानाही पुस्तकाची उलटतपासणी चालायची. हिच्या नवऱ्याला बोलायला कधी मिळणार, अशी आईला काळजी होती.

साहित्यात एम. ए. करायचं तिने ठरवलं आणि दोन ठिकाणी अर्ज केले. दोन्ही मुलाखतींना सोबत म्हणून मी गेलो होतो, त्यामुळे यातलं काही ऐकीव नाही.

पहिला विभाग आमच्याच शहरातला. दोन कोंदट खोल्या आणि फटकळ तोंडाच्या विभागप्रमुख बाई. बाहेरच्या बाकावर मला दोघींचे चढलेले आवाज ऐकू येत होते. ताई बाहेर आली ती कान लाल करून. बाईंनी तिला शेवटी सांगितलं होतं, "तुमचं साफ चुकतंय. पण प्रवेश घ्या, आपण वर्षभर भांडू." ताईच्या मते हा अपमान होता.

दुसरं विद्यापीठ लांबचं, नावाजलेलं. तिथे सरांच्या खोलीत भरदिवसा पडदे ओढलेले होते. सरांभोवती विद्यार्थी बसले होते आणि सगळे दबक्या आवाजात बोलत होते. पिकल्या केसांच्या एका गृहस्थाने चहा आणला. ताई त्याला शिपाई समजली. खरं तर तोही कधीकाळी तिच्यासारखाच एम. ए.ला आला होता. पुढे सरांच्याच हाताखाली संशोधनाला बसला, आणि त्याचा प्रबंध अजून सरांच्या टेबलावर पडून होता. सध्या काय वाचताय, असं मी त्याला सहज विचारलं. त्याने आधी सरांकडे पाहिलं. सर हसले, मग तो हसला.

सर ताईशी फार गोड बोलले. एका पुस्तकाचा विषय निघाला आणि ती नेहमीसारखी तावातावाने सुरू झाली, तशा खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. सर बोलेपर्यंत पुस्तकावर कुणी मत द्यायचं नाही, असा तिथला रिवाज होता. "घाई नको," सर म्हणाले. "आमच्याकडे आधी ऐकायला शिकवतात." ताई गप्प बसली. पुस्तकापुढे गप्प बसलेली ताई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

परतीच्या बसमध्ये मी तिला जीव तोडून सांगितलं की इथे येऊ नकोस, ती माणसं मला बरी वाटली नाहीत. तिने मला वेड्यात काढलं. एवढ्या मोठ्या माणसाने तिला निवडलं होतं, तिथे माझं कोण ऐकतो! मला तिचा राग आला. अजूनही येतो.

ती तिकडे गेली. फोनवरची तिची वाक्यं हळूहळू "सरांच्या मते"ने सुरू व्हायला लागली. एम. ए. झालं, मग संशोधनही तिथेच. एका सुट्टीत आईने जेवताना मुद्दाम तिच्या आवडत्या कादंबरीला नावं ठेवली. ताई शांतपणे जेवत राहिली. आई माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "हिला बरं नाहीये का रे?"

गेल्या हिवाळ्यात सर वारले. ताईला भेटायला मी तिकडे गेलो. खोली तशीच होती, पडदेही तसेच. सरांची खुर्ची रिकामी होती आणि बाकीचे तिच्याभोवती पूर्वीसारखेच बसले होते. चहा ताईने आणला. तिचेही केस पिकायला लागले होते.

मी तिच्यासाठी एक नवी कादंबरी नेली होती. शेवटी नायिकेला उगाचच मारून टाकलेली, मुद्दाम निवडलेली. ताई पेटून उठेल, निदान लेखकाला एक शिवी तरी देईल, एवढीच माझी आशा. तिने ती रात्रीतून वाचली. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत मी विचारलं, कशी वाटली?

तिने आधी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"सरांनी ही वाचली नव्हती रे," ती हळूच म्हणाली आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.