कमळाचं नाणं

चिंचेनं समई घासली की बोटांना पितळेचा वास राहतो आणि मी तंजावूरच्या आमच्या घरात जाऊन बसते. नव्वदीची सुरुवात होती. आप्पांचं कॉफीपुडीचं दुकान होतं. दर गुरुवारी संध्याकाळी ते गल्ल्यातली नाणी वर्तमानपत्रावर ओतत आणि हाक मारत, "चिल्लरै आणलो, या गं!"

आईला शुक्रवारच्या लक्ष्मीपूजेसाठी कमळाची छाप असलेली वीस पैशांची जुनी पितळी नाणी हवी होती, एकशे आठ. तोवर ती नाणी फारशी दिसत नव्हती. अॅल्युमिनियमची हलकी नाणी बाजूला सारत आम्ही तिघं शोधायचो. आप्पा गिऱ्हाइकांच्या नकला करत, आई पदर तोंडाला लावून हसे.

एका गुरुवारी शेवटचं, एकशे आठावं कमळ आईच्या हाती लागलं. तिनं ते हळूच पुन्हा ढिगात सरकवलं. मी ओरडणार तोच ती कानाशी पुटपुटली, "गप गं. पुढच्या गुरुवारी मग कोण बसणार?"

तेव्हा मला तिचा रागच आला होता.

आता ते दोघं नाहीत. नाण्यांचा डबा माझ्याकडे आहे, अजूनही एक कमीच. तसलं नाणं हल्ली विकत मिळतं. पण ते घेतलं की आमचा गुरुवार संपेल.